भेट मिळालेल्या ऑर्किडची मुळे कुजली आहेत. रोप वाचेल का?

मृण्मयी, पुणे
१२ जुलै

नमस्कार.

मार्चमध्ये आईची पंचाहत्तरी झाली, तेव्हा माझ्या भाच्याने आजीला फॅलेनॉप्सिस जातीचे ऑर्किड भेट दिले. दोन फुलदांडे, त्यांवर मिळून चौदा जांभळी फुले आणि खाली पांढरी चकचकीत चिनी मातीची कुंडी, असे ते देखणे रोप होते. फुले मे महिन्याच्या अखेरपर्यंत टिकली आणि घरी आलेल्या प्रत्येकाला आईने ती हाताला धरून नेऊन दाखवली. शेवटचे फूल गळाले आणि रोपाची रयाच गेली. आधी सर्वांत खालचे पान पिवळे पडून गळाले, आणि जूनच्या मध्यापासून उरलेली चार पाने मऊ पडत जाऊन आता ओल्या फडक्यासारखी कुंडीच्या काठावर लोंबत आहेत. त्यांवरून बोट फिरवले की बारीक सुरकुत्या लागतात.

पाने मलूल दिसतात म्हणजे पाणी कमी पडत असणार, असे समजून आई रोज सकाळी चहाचा एक कप भरून पाणी घालत होती. फरक पडेना म्हणून तिने दोन कप सुरू केले. काल मी कुंडी हलवायला गेले तर ती भलतीच जड लागली. आतली पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी उचलून पाहिली, तेव्हा बाहेरच्या कुंडीच्या तळाशी दोन बोटे पाणी साचलेले होते आणि त्याला गटारासारखा वास येत होता. बाहेरच्या कुंडीला भोक नाही, हे इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. प्लॅस्टिकमधून दिसणारी मुळे तपकिरी आहेत. वरच्या बाजूने हवेत आलेली दोन मुळे मात्र राखाडी आणि टणक दिसतात.

जवळच्या रोपवाटिकेत विचारले असता लाल माती आणि शेणखत घालून मोठ्या कुंडीत लावा, असे सांगण्यात आले. ते करावे का, बुरशीनाशक घालावे का, की आता उशीर झाला आहे? आमची गॅलरी पूर्वेकडे आहे आणि सकाळी नऊपर्यंत ऊन येते. भाचा गणपतीला येणार आहे, आणि आईला रोपापेक्षा त्याला काय वाटेल याचीच चिंता अधिक आहे.


सावलीतली बाग
१२ जुलै

मृण्मयीताई, सर्वप्रथम एक विनंती: लाल माती आणि शेणखत यांचा विचार सोडून द्या. ही वनस्पती जमिनीत वाढतच नाही. फिलिपिन्स, इंडोनेशिया, तैवान या भागांतल्या दमट जंगलांत ती झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर मुळे चिकटवून राहते. ती बांडगूळ नव्हे, कारण ज्या झाडावर बसते त्याचा रस ती घेत नाही. नुसता आधार घेते आणि पावसाचे व दवाचे पाणी मुळांवरून ओघळून जाताना जेवढे टिपता येईल तेवढे टिपते. त्यासाठी तिच्या मुळांवर वेलामेन नावाचे पांढुरके, स्पंजासारखे आवरण असते. पाणी लागताच ते क्षणात ओले होते आणि आतला हिरवा रंग त्यातून दिसू लागतो. वाळले की मूळ पुन्हा चंदेरी दिसते. हा स्पंज सतत चिंब राहिला तर आतल्या जिवंत गाभ्याला हवा मिळत नाही आणि मूळ गुदमरून मरते. बुरशी येते ती बहुधा त्यानंतर, मेलेल्या भागावर.

आता तुमच्या आईंची चूक म्हणाल, तर ती जवळजवळ प्रत्येकाकडून होते, माझ्याकडूनही झाली आहे. मुळे मेली की पानांना पाणी पोहोचत नाही आणि पाने तहानलेल्या रोपासारखीच दिसू लागतात. भोवती पाणीच पाणी असते, पण ते प्यायला तोंडच उरलेले नसते. आपण पाने पाहून आणखी पाणी घालतो आणि राहिलेली चार मुळेही घालवतो. म्हणून या रोपाचा निर्णय पाने पाहून कधीही करू नये, मुळे पाहावीत. आतली कुंडी पारदर्शक असते ती याचसाठी, आणि आपण तिच्यावर शोभेची कुंडी चढवून ती सोय झाकून टाकतो.

आज करायचे काम असे. रोप प्लॅस्टिकच्या कुंडीतून अलगद काढा. निघत नसेल तर ओढू नका, कुंडी कात्रीने कापा. मुळांभोवती बहुधा स्फॅग्नम मॉस, म्हणजे शेवाळासारखा दिसणारा पाणी धरणारा भुसभुशीत पदार्थ, दाबून भरलेला असेल. तो सगळा काढा. बरोबर मध्यभागी, खोडाच्या खाली, लिंबाएवढा एक घट्ट गोळा सापडण्याची शक्यता फार मोठी आहे. लहानपणी रोपवाटिकेत ते ज्या छोट्या खणात वाढले त्या वेळचा तो मॉस असतो, वरचा थर कोरडा झाला तरी तो आत ओलाच राहतो आणि कूज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. तो चिमट्याने कण कण करून काढावा लागतो.

नंतर नळाच्या बारीक धारेखाली मुळे धुवा आणि प्रत्येक मूळ दोन बोटांत हलकेच दाबून पाहा. येथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, कारण मॉसच्या डागाने तपकिरी झालेले मूळही जिवंत असू शकते आणि अंधारात वाढलेले मूळ पिवळसर असते, म्हणून ते रोगट ठरत नाही. टणक लागले तर ठेवावे. पचकन दबले, त्यातून पाणी आले किंवा वरची साल हातात येऊन आत फक्त दोरा उरला, तर ते मेले. मेलेला भाग जिवंत भागाच्या सीमेपर्यंत कापा. कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून निवल्यावर वापरा. घरात दुसरी ऑर्किडे असतील तर प्रत्येक रोपापूर्वी पुन्हा तापवा, कारण ऑर्किडांचे विषाणूजन्य रोग हत्यारांवरून पसरतात आणि त्यांवर उपाय नाही. वाळलेले फुलदांडेही बुडाजवळून कापून टाका. निरोगी रोपाचा दांडा एखाद्या डोळ्यावर कापला तर पुन्हा फुले येण्याची आशा असते, पण तुमच्या रोपाने आता फुलण्याच्या फंदात पडू नये हेच बरे.

किती मुळे उरली ते मोजून कृपया येथे लिहा. पुढचे त्यावर ठरेल.


आंब्याखालचा
१३ जुलै

मी रत्नागिरीकडचा. सावलीतली बाग यांनी जे लिहिले ते आमच्याकडे बागेत उभे राहून पाहता येते, म्हणून थोडी भर घालतो. आमच्या जुन्या रायवळ आंब्यावर सीतेची वेणी आहे. ही आपल्या सह्याद्रीतली आणि कोकणातली आमरी, म्हणजे ऑर्किडच. एका वादळात तिची फांदी मोडून खाली आली, ती आम्ही सुंभाने दुसऱ्या फांदीला बांधली आणि दोन पावसाळ्यांत तिने स्वतःची पकड घेतली. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत, आणि ती मुळे त्या सगळ्या पावसात उघडी असतात. तरी ती कुजत नाहीत, कारण सर थांबली की वाऱ्याने तासाभरात त्यांवरचे पाणी उडून जाते. उलट कुंडीत एक कप पाणी घातले आणि ते तिथेच बसून राहिले, तर तेवढेच त्यांना पुरे होते. पाणी किती, यापेक्षा ते किती वेळ थांबते, हा खरा प्रश्न आहे.

भरण म्हणून बाहेरून आणलेली पाइनची साल महाग वाटत असेल, तर लोणारी कोळशाचे सुपारीएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तेवढेच तुकडे निम्मे-निम्मे वापरा. सोडणाचे तुकडे मात्र दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजत ठेवा, कारण त्यांत क्षार असतात आणि ते नाजूक मुळांना भाजतात. पावसाळ्यात सोडणाचे प्रमाण कमी आणि कोळशाचे जास्त ठेवावे, कारण सोडण पाणी धरते. विटांचे तुकडेही चालतात, पण त्यांनी कुंडी जड होते आणि गॅलरीत ते गैरसोयीचे ठरते.


दूरदेशी
१३ जुलै

येथे अमेरिकेत ही रोपे किराणा दुकानात मिळतात आणि काहींच्या कुंडीवर आठवड्याला बर्फाचे तीन खडे ठेवा, अशी चिठ्ठी असते. ती वाचून मला हसू आले होते. उष्ण प्रदेशातल्या रोपाला बर्फ कसला, असेच कोणालाही वाटेल. पण २०१७ साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि जॉर्जिया विद्यापीठ येथील संशोधकांनी हॉर्टसायन्स या नियतकालिकात या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सालीत लावलेल्या फॅलेनॉप्सिसची फुले बर्फामुळे लवकर गळत नाहीत, असे त्यांना आढळले. मला त्यातून कळले ते एवढेच की बर्फाचे तीन खडे म्हणजे आठवड्याला मोजके पाणी, आणि रोप टिकते ते थंडाव्यामुळे नव्हे तर त्या मोजकेपणामुळे. मृण्मयीताईंच्या आईंनी दिवसाला दोन कप घातले. म्हणजे एका आठवड्यात चौदा. शिवाय त्या अभ्यासातली रोपे सालीत होती, दाबून भरलेल्या मॉसमध्ये नव्हती, हेही लक्षात ठेवावे.


मृण्मयी, पुणे
१४ जुलै

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी वर्तमानपत्र पसरून मी आणि आईने रोप उघडले. सांगितल्याप्रमाणे मध्यभागी गोळा सापडला. त्याच्याभोवती प्लॅस्टिकची बारीक जाळीसुद्धा होती आणि ती दाबली तेव्हा काळपट पाणी बाहेर आले. एकूण अकरा मुळे होती. सात मुळांची साल बोटांत धरताच मोज्यासारखी निघून आली आणि आत वातीसारखा ओला दोरा राहिला. एक मूळ अर्धे चांगले आहे, सुमारे दोन इंच. हवेतली दोन आणि कुंडीतले एक पूर्ण टणक आहे, म्हणजे साडेतीन मुळे उरली. खोडाचे बूड कापलेल्या बटाट्यासारखे घट्ट आणि फिकट आहे, तेथे काळे काही दिसले नाही.

आई मधेच उठून स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेऊन आली. जखमेवर हळद लावायची, असे तिचे म्हणणे. मी थांबवले आहे. लावावी का? रोप सध्या कोरड्या कागदावर आडवे ठेवले आहे.


वनिता, सोलापूर
१४ जुलै

हळदीऐवजी दालचिनीची पूड लावा, ती उत्तम बुरशीनाशक आहे आणि मी स्वतः प्रत्येक ऑर्किडला लावते. त्याशिवाय हायड्रोजन पेरॉक्साइड मुळांवर ओतल्यास फेस येऊन कूज निघून जाते. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचे द्रावणही घालावे. रोप इतके आजारी असताना हयगय करू नये.


सावलीतली बाग
१४ जुलै

वनिताताई, आपला हेतू चांगला आहे, पण येथे मला तीनही बाबतींत वेगळे सांगावेसे वाटते. दालचिनीची पूड ओलावा शोषून घेते; पान कापले तर त्या जखमेवर चिमूटभर लावायला ती चांगली, परंतु मुळांवर पसरली की निरोगी मूळही वाळवते, आणि येथे तर साडेतीनच मुळे आहेत. पेरॉक्साइडचा फेस कूज आणि जिवंत पेशी यांत भेद करत नाही. कार्बेन्डाझिमविषयी एवढेच, की मुळे कुजवणाऱ्या रोगांतला पिथियम आणि फायटोप्थोरा यांचा गट त्याला जुमानत नाही, आणि कोणता रोग आहे ते घरी कळत नाही. पाणी साचून मुळे गुदमरली असतील तर कोणतेही औषध हवेची जागा घेऊ शकत नाही. मेलेले कापले, उरलेले वाळू दिले, एवढा उपचार पुरेसा आहे. हळदीच्या डब्याला स्वयंपाकघरात परत जाऊ द्यावे. आईंना सांगा की हे रोप लेकरू असले तरी त्याचे कातडे वेगळे आहे.

मृण्मयीताई, साडेतीन मुळे आणि घट्ट बूड ही चांगली बातमी आहे. बूड काळे किंवा मऊ असते तर मी रोप टाकून द्या म्हटले असते. कापलेली टोके वाळायला एक दिवस द्या आणि उद्या संध्याकाळी लावा. जुन्या कुंडीएवढी मोठी कुंडी आता नको. मुळे जेमतेम मावतील अशी तीन-चार इंची पारदर्शक कुंडी घ्या, तिला तळाशी आणि बाजूलाही तापलेल्या सळईने भोके पाडा. आंब्याखालचा यांनी सांगितलेले कोळशाचे मिश्रण उत्तम आहे. हवेतली दोन मुळे जबरदस्तीने आत कोंबू नका. ती तशीच बाहेर राहू द्या. रोपाला धरायला मुळेच नसल्यामुळे ते हलेल, आणि हलणाऱ्या रोपाच्या नव्या मुळांची टोके घासून मरतात, म्हणून बांबूची काडी रोवून खोड तिला मऊ दोऱ्याने बांधा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण माझी दोन रोपे केवळ याच कारणाने सहा-सहा महिने जागच्या जागी बसून राहिली होती.

मुळे नसलेल्या रोपाला ओल्या मॉससह प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतील. कोरड्या उन्हाळ्यात किंवा परदेशात हीटर लावलेल्या खोलीत त्याचा उपयोग आहे, पण पुण्यात जुलैमध्ये हवाच पिशवीइतकी दमट असते. वरून पिशवी घातली तर पानांच्या बेचक्यात बुरशी येईल. तुम्ही फक्त ऊन टाळा. तुमच्या गॅलरीतले सकाळचे ऊन एरवी चालले असते, पण सध्या पानांकडे स्वतःला थंड ठेवायला पाणी नाही, म्हणून एक पांढरा पातळ पडदा लावा.

पाण्याचे वेळापत्रक करू नका. कुंडीतले मूळ चंदेरी झाले आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली, तरच ती बादलीत दहा मिनिटे बुडवून, नीट निथळून परत ठेवा. पाणी सकाळी द्या. पानांच्या मधोमध जो शेंडा आहे तेथे पाणी राहिले तर कागदाच्या टोकाने टिपून घ्या. तेथे कूज लागली तर रोप संपलेच, कारण फॅलेनॉप्सिसला वाढायला तो एकच शेंडा असतो. आणि पांढरी कुंडी आईंना ठेवायचीच असेल, तर तळाशी तीन-चार गोटे घाला, म्हणजे आतली कुंडी पाण्यात बसणार नाही.

पाने मात्र लगेच ताठ होणार नाहीत. सुरकुतलेले पान पूर्ववत होईलच असे नाही, आणि खालची एक-दोन गळूनही जातील. रोज त्यांच्याकडे पाहून हळहळू नका.


मृण्मयी, पुणे
२२ सप्टेंबर

उशिरा कळवत आहे, त्याबद्दल क्षमस्व. मधल्या काळात आणखी एक पान गळाले आणि आईने तर निरवानिरवीची भाषा सुरू केली होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात खोडाच्या एका बाजूला, पानाच्या बुडाशी, हिरवट टोकाचा एक फुगवटा दिसला. आम्हाला तो नवा फुलदांडा वाटला आणि आईने भाच्याला फोनही केला. आता तो सुमारे पाऊण इंच लांब आहे, टोक चकचकीत हिरवे, मागचा भाग पांढरा, आणि तो सरळ खाली वळला आहे. म्हणजे ते मूळच आहे. दुसऱ्या बाजूलाही तसाच एक ठिपका आला आहे.

गणपतीत भाचा येऊन गेला. रोप पाहून त्याने एवढेच विचारले की फुले कुठे गेली. आईने त्याला अकरा मुळांपैकी सात कशी कुजली होती ते सविस्तर सांगितले, आणि जाळीतला तो गोळा तिने चक्क एका डबीत जपून ठेवला होता, तो दाखवला.

एकच शंका आहे: आता खत सुरू करावे का, आणि फुले कधी येतील?


सावलीतली बाग
२२ सप्टेंबर

मूळ दोन इंचांचे झाले की खत सुरू करा, आधी नको. वीस-वीस-वीस प्रमाणाचे (म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारखेच असलेले) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही मुळे आधी साध्या पाण्याने ओली करून. पाऊस ओसरल्यावर कोळसा लवकर वाळेल, तेव्हा सोडणाचे थोडे तुकडे वाढवा.

फुलांची या हिवाळ्यात अपेक्षा धरू नका. या रोपाला फुलदांडा काढायला काही आठवडे थंड रात्री लागतात, आणि पुण्यातला नोव्हेंबर-डिसेंबर त्यासाठी मुंबईहून कितीतरी बरा. पण यंदा दांडा आलाच तर तो लहान असतानाच खुडा. रात्रीचा पारा पंधरा अंशांखाली उतरू लागला की रोप गॅलरीतून आत घ्या. पुढच्या पावसाळ्यात दोन नवी पाने आणि पाच-सहा मुळे झाली, तर त्यापुढच्या थंडीत दांडा राहू द्या.

आणि ती डबी आता टाकून द्या, ताई. त्यात बुरशी असणार.